धवलारणीची चौदा ताटं

माझी बायको कमळा म्हणते, की मी देवाला वाहायचा नारळसुद्धा कानाशी हलवून घेतो आणि फोडल्यावर पुजाऱ्यानं मोठी कवड कुठं सरकवली तेही बघतो. म्हणते ते खरं आहे. कापडाच्या धंद्यात पंधरा वर्षं काढली की माणूस असाच होतो. व्यापारी साडी सहा वार सांगतो आणि घरी मोजली की साडेपाच भरते. गिऱ्हाईक 'बायकोला दाखवून आणतो' म्हणून शालू नेतं, कुणाच्या तरी हळदीत मिरवतं आणि 'रंग पसंत नाही पडला' म्हणून परत आणतं. अशा जगात संशय घ्यायचा नाही तर काय घ्यायचं?

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद सालची. आमचं जानकी वस्त्र भांडार भिवंडीत, मंडईच्या वाटेवर, एका दरवाजाचं. गिऱ्हाईक म्हणजे आमचेच आगरी लोक, वळ, काल्हेर, दिघाशीकडचे. पोरीचं लग्न ठरलं की सगळं घर येऊन लग्नाचा बस्ता बांधून न्यायचं. मग समोर एक दोन दरवाजांचं दुकान उघडलं, काचेची कपाटं, आत दिवसाढवळ्या ट्यूबलाइट. आमचे बस्ते पायऱ्या चढता चढता तिकडं वळायला लागले. कमळा म्हणाली, "नुसतं समोर डोळे लावून बसू नका. जाहिरात करा."

जाहिरात म्हणजे अय्यूब. तालुक्यातल्या निम्म्या भिंती त्यानं रंगवलेल्या. हँडबिलाचा मजकूर, टॉकीजमधली स्लाइड, भोंगा लावलेल्या रिक्षातली आरोळी, सगळं तोच लिहायचा. मराठी माझ्यासारखीच बोलायचा, फक्त मनापासून काही सांगायचं झालं की हिंदीवर जायचा. तो आला तो शाळेतली वही घेऊन. आत महिने पाडलेले, प्रत्येक महिन्यासमोर रकाने.

"केसरीनाथशेठ, जाहिरात उठल्यासुटल्या करायची नसते," तो म्हणाला. "सालभराचा प्लॅन पाहिजे. लग्नं सुरू व्हायच्या आधी भिंती. माघात हँडबिलं. वैशाखात इंटरव्हलला स्लाइड. और हर बाजार के दिन रिक्षा."

"ही वही समोरच्यालाही दाखवलीस ना?"

"तोबा! त्याची वही वेगळी आहे."

म्हणजे त्याचंही काम करतोस, हे मी मनात लिहून ठेवलं.

ताटाची कल्पना मात्र माझी. बस्ता घेणाऱ्याला स्टीलचं एक ताट फुकट, त्यावर नाव घातलेलं: 'सप्रेम भेट, जानकी वस्त्र भांडार, भिवंडी'. अय्यूब खूश झाला. हँडबिलात लोक भजी बांधतात, ताट घरात राहतं, म्हणाला. पाचशे ताटं मागवली. नाव घालायला तोच घेऊन गेला आणि तोच घेऊन आला. मग मी त्याला हँडबिलाचा मजकूर सांगितला: 'फक्त पहिल्या १०१ ग्राहकांना!'

अय्यूबनं पेन खाली ठेवलं. "ताटं तर पाचशे आहेत."

"असू देत. एकशे एक म्हटलं की माणूस धावत येतो. पाचशे म्हटलं की म्हणतो, जाऊ निवांत."

"शेठ, झूठ मत छापो. बोललेलं लोक विसरतात. छापलेलं घरात राहतं."

"तू अक्षर काढ. मजकूर माझा."

त्यानं अक्षर काढलं, चांगलं ठसठशीत. आणि बस्ते परत आमच्या पायऱ्या चढायला लागले. जो तो समजायचा, आपण त्या एकशे एकातले. दुसऱ्या वर्षी दिवाळीपर्यंत पाचशेतली मोजकीच उरली होती, आणि कुणी कधी विचारलं नाही.

पुढच्या सीझनचा प्लॅन करायला बसलो तेव्हा अय्यूबनं वही उघडलीच नाही. "भिंती, स्लाइड, सगळं झालं," तो म्हणाला. "आता मला सांगा, लग्नघरात बस्त्याच्या आधी कोण जातं?"

"सोयरे."

"सोयरे भांडायला जातात. धवलारीण जाते."

गोष्ट खरी होती. आमच्यात लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. हळदीपासून वरातीपर्यंत ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, काय आधी आणि काय नंतर ते तीच सांगते. लग्न ठरलं की तिला सांगून यायचं. घरातल्या बायका तिचा शब्द मोडत नाहीत.

"दिघाशीची गुणाबाई," अय्यूब म्हणाला. "तिनं नुसतं म्हटलं, की कापड जानकीचं चांगलं, तर समोरचा दुकान बंद करून लूमवर ड्युटी करायला जाईल."

"तुझी तिची ओळख कुठली?"

"नाव ऐकलंय, बस."

हेही मी मनात लिहून ठेवलं.

एस.टी.नं दिघाशीला गेलो. गुणाबाईचं घर गावाच्या टोकाला, सारवलेलं, एकट्या बाईचं. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. मला ओळखून म्हणाली, "जानकीवालं शेठ ना तुमी? बसा, पानी आनते." ती आत गेली आणि माझे डोळे सवयीनं घरभर फिरले. समोरच्या फळीवर ताटं उभी मांडली होती. लखलखीत, एकावरही ओरखडा नाही. प्रत्येकावर आमच्या दुकानाचं नाव. मी मोजली. चौदा.

पाणी प्यालो, 'इकडून चाललो होतो, म्हटलं भेटावं' असं काहीतरी बोललो आणि उठलो. ज्यासाठी गेलो होतो त्यातलं एक अक्षर काढलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण संशयी माणूस विचारत नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि मग संशय ठेवायचा कुठं?

परतीच्या वाटेवर डोकं नुसतं भणभणत होतं. एका बस्त्याला एक ताट. हिच्या घरी ना पोर ना लग्न, मग चौदा ताटं आली कुठून? एक तर अय्यूबनं नाव घालायला नेली तेव्हा मधल्या मध्ये हिच्याकडं पोचवली, आणि वर मला म्हणतो नाव ऐकलंय, बस. नाहीतर हिनंच लग्नघरातून, जिथं भांड्यांचा ढीग पडलेला असतो, एकेक पदराखाली घातलं. भिवंडी येईपर्यंत दोन्ही संशय मी आलटून पालटून घालून बघितले. दोन्ही अंगाला बसत होते.

संध्याकाळी अय्यूबला बोलावून सांगितलं, वही बंद कर, यापुढं तुझं काम नको. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, "खाई त्याला खवखवे." तो माझ्याकडं बघत राहिला. मग सलामसुद्धा न करता गेला. बघा, गुन्हेगार कसा गप्प जातो, असं मी कमळेला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दिघाशीचा लडकू दुकानात आला. या माणसाला बातमी दिली की तार करायची गरज नाही.

"काल गावात आल्तं ना, शेठ?"

"गुणाबाईकडं गेलो होतो," मी म्हटलं. "तिच्याकडं माझी चौदा ताटं आहेत. कशी आली कोण जाणे."

एवढंच बोललो. चोरी हा शब्द मी उच्चारला नाही, कुठल्याही देवळात शपथ घेईन. पण लडकूनं हातातलं धोतर खाली ठेवलं. "आख्ख्या तालुक्यान तुमी एकशे एक वाटली ना? त्यांतली चौदा एकल्या तिच्याकरं?"

तिथंच सांगायला हवं होतं, की बाबा, एकशे एक नव्हे, पाचशे वाटलीत. पण दुकानात काल्हेरची दोन गिऱ्हाइकं बसली होती, दोघंही ताटाच्या आशेनं आलेली. मी कापडाची घडी घालत म्हणालो, "ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी बघितलं. आठ दिवसांनी कमळा माहेरी, वळला जाऊन आली आणि चप्पल काढायच्या आत बोलायला लागली. दिघाशीत ज्याच्या त्याच्या घरातलं हरवलेलं भांडं आठवायला लागलं होतं. कुणाचा तांब्या, कुणाची पळी, कुणाची दहा वर्षांपूर्वीची वाटी. सगळं गुणाबाईच्या नावावर. तीन लग्नघरांनी तिला निरोप पाठवला, येऊ नको. गुरुवारी काळूराम पाटलाच्या पोरीचं लग्न. काळूरामच्या स्वतःच्या लग्नात गुणाबाई गायलेली. त्यानंही बाहेरगावची धवलारीण सांगितली.

"मग केलीच असेल चोरी," मी म्हटलं. "गाव काय उगाच बोलतं?"

कमळा माझ्याकडं बघतच राहिली. "अहो, त्यातलं एक ताट मी दिलंय."

"तू?"

"माझ्या भाचीच्या लग्नात. आपल्याकडून धवलारणीला मान द्यायचा होता. लुगडं, नारळ, तांदूळ आणि एक भांडं. मी म्हटलं, भांडं आणूया. तुम्ही काय म्हणालात? 'विकतचं कशाला, दुकानातलं एक दे.'"

म्हणालो होतो. शब्दन् शब्द आठवला.

"आपण दिलं तसं आणखी तेरा घरांनी दिलं असेल," कमळा म्हणाली. "बस्त्यावर फुकट आलं, मानाला निघून गेलं."

"मग ती तेरा घरं तोंड का उघडत नाहीत?"

"तुम्ही उघडाल? चारचौघांत सांगाल, की धवलारणीचा मान आम्ही फुकटच्या ताटावर भागवला?"

त्या दिवशी जेवण गेलं नाही. एका बाईचं आयुष्यभराचं नाव मी धोतराची घडी घालता घालता घालवलं होतं, आणि ज्या दोघांवर संशय घेतला त्यांच्यातलं कुणीही काहीही केलेलं नव्हतं. केलं होतं ते मी.

अय्यूबला शोधायला गेलो. तो वळच्या रस्त्याला शिडीवर चढून भिंत रंगवत होता. समोरच्याच दुकानाची. मी खालून सगळं सांगितलं. माफ कर म्हटलं. तो खाली उतरला नाही, पण ब्रश थांबवला.

"एक हँडबिल काढू," मी म्हटलं. "दुरुस्तीचं. तू मजकूर कर."

"हँडबिल से नहीं होगा, शेठ. तिथं जाऊन तुम्हालाच बोलावं लागेल. एकशे एक झूठ होतं म्हणून. नाहीतर चौदा चोरीचीच राहतात."

"बोललो की दुकान बसलं. हा वर पेढे वाटेल," मी भिंतीकडं बोट दाखवलं.

"वाटेल," अय्यूब म्हणाला आणि पुन्हा रंगवायला लागला.

गुरुवारी सकाळी दिघाशीला पोचलो तेव्हा काळूरामच्या अंगणात मांडवाखाली गाव जमला होता. बाहेरगावची धवलारीण, एक तरुण बाई, बायकांत अवघडून बसली होती. काळूरामनं मला पाहुणा समजून पुढं बसवायला बघितलं. मी उभाच राहिलो. विधी सुरू व्हायच्या आधीच बोलून टाकलं.

"हँडबिलात एकशे एक ताटं लिहिली होती. ते खोटं होतं. गिऱ्हाईक धावत यावं म्हणून मी लिहिलं. ताटं पाचशे होती, तुमच्या घराघरात आहेत. आणि गुणाबाईकडच्या चौदातलं एक माझ्या घरातून गेलंय. मान म्हणून. फुकटचं होतं म्हणून दिलं."

मग लडकू उठला. "म्हंजी आमाला शेंडी लावली तुमी? आन आता पाचशे बोलताव, तां तरी खरा कशावरून?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी दिली. मला वाटलं, आता माझ्यावरच चौकशी बसते, की हा शेठ या बाईसाठी एवढा का धावला. तेवढ्यात बायकांतून म्हातारी सीताबाई, खाली बघूनच, म्हणाली, "एक मी दिलंय. नातवाच्या लगनान."

"आमच्या घरचा पन एक हाय," चंद्रा म्हणाली, लडकूचीच वहिनी. लडकू खाली बसला. मग एकेक आवाज यायला लागले, कुणी पदराआडून, कुणी दुसऱ्याच्या पाठीआडून. नऊ घरं दिघाशीतलीच निघाली. बाकीची वळ आणि काल्हेरची असणार. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं.

काळूराम माझ्यापुढं आला. "शेठ, तुमीच घालवलाव, तुमीच घेऊन या." बाहेरगावची धवलारीण म्हणाली, "मोठी बाई येत असंल तं मी मागं बसते."

गुणाबाई दारातच बसली होती. मांडवाचा आवाज तिथवर येत होता. मी म्हटलं, "चला, बोलावलंय. सगळ्यांनी कबूल केलं, ताटं आम्हीच दिली म्हणून."

"कोनी दिली तां मना ठाव हाय," ती म्हणाली. "एकबी घर इसरली न्हाय मी. आठ दिस सांगते समद्यांना, ताटांवर ज्याच्या त्याच्या घराचा नाव हाय, या न् वाचा. कोनी वाचाया आला न्हाय."

आमच्या गावांत भांड्यावर नाव असतं ते घराचंच असतं. दुसरं काही असेल हे तिच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. तिला अक्षरओळख नव्हती.

ती उठली. फळीवरून एक ताट काढून माझ्या हातात दिलं. "आता तुमीच वाचा. ह्या वलच्या महादूकरचा."

आत्ताच शंभर माणसांत खरं बोलून आलो होतो. पण तिचा चेहरा बघितला आणि जीभ वळली. "महादू भोईर, वळ. सप्रेम भेट," मी वाचलं.

तिनं दुसरं दिलं. सीताबाईचं. मी सीताबाईचं नाव वाचलं. तिसरं चंद्राचं. ते वाचलं. चौथं हातात देत म्हणाली, "ह्या काल्हेरच्या केण्यांचा."

"केणे, काल्हेर. सप्रेम भेट."

ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली. "शेठ, ह्या पयलाच ताट हाय. महादूचा."

मी ताट उलटंसुलटं करून बघितलं.

"मना वाचता येत न्हाय," ती म्हणाली, "पन डोलं हायेत. आठ दिस बसून बघते, समद्यांवर अक्षरां येकसारखी. आता खरा वाचा."

मी वाचलं. "सप्रेम भेट, जानकी वस्त्र भांडार, भिवंडी."

"समद्यांवर ह्याच?"

"हेच. बस्ता घेतला की आम्ही फुकट देत होतो."

ती खाली बसली. ताट मांडीवर घेतलं आणि त्यावरून नुसता हात फिरवत राहिली. "मी कवा जेवली न्हाय यांत," म्हणाली. "मानाची म्हणून."

मला लाज वाटली. दुकान बुडालं असतं तरी वाटली नसती इतकी.

बऱ्याच वेळानं ती उठली. तोंड धुतलं, धुतलेलं लुगडं नेसली. चौदा ताटं तिथंच जमिनीवर राहिली. "नवरीचा काय दोस?" एवढंच म्हणाली आणि माझ्या पुढं चालायला लागली.

ती मांडवात आली तेव्हा बायका आपोआप सरकल्या. ती गायली. आवाज सुरुवातीला जरा दबलेला होता, मग मोकळा झाला. लग्न लागलं. मी निघून जायला हवं होतं, पण पाय निघत नव्हता. मान द्यायची वेळ आली तेव्हा काळूरामची बायको आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती लुगडं, नारळ आणि तांदूळ भरलेलं ताट घेऊन. ताट घरातलं, वापरातलं, कडेला थोडं चेपलेलं.

गुणाबाईनं तांदूळ पदरात ओतून घेतले. ताट उजेडाकडं फिरवलं. सगळा मांडव बघत असताना ते माझ्यापुढं धरलं.

"शेठ, वाचा."

"काळूराम गोमा पाटील, दिघाशी," मी वाचलं. तसंच लिहिलेलं होतं. एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं.

गुणाबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग वळली. पुढं बसलेल्या एका परकरातल्या पोरीला तिनं विचारलं, "तू कितवीला गो?"

"चौथीला."

"घे," ताट तिच्या हातात देत गुणाबाई म्हणाली. "तू वाच."